पावसातला गॉल रोड

श्रीलंकेला जाऊन आलेल्या आपल्या माणसांना विचारा, काय काय पाहिले? उत्तर ठरलेले असते. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, मिहिंतले, कँडीचे दंतधातू विहार. फोटो दाखवतात, तिथून आणलेली बुद्धमूर्ती दाखवतात. कोलंबोहून गॉलपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. सहलीच्या छापील कार्यक्रमात तो दिवस ‘समुद्रकिनारा दर्शन’ म्हणून लिहिलेला असतो. धम्मयात्रा संपली, आता मौजमजा, असे समजून आपली निम्मी मंडळी त्या दिवशी बसमध्ये डुलक्या घेतात. वाचकहो, या आठवड्यात त्या एका दिवसाबद्दलच लिहायचे आहे. आपल्याशी ज्याचा फार जवळचा संबंध आहे असे बरेच काही त्या रस्त्यावर आहे, आणि ते गाईडच्या पाठ केलेल्या भाषणात नाही.

आमचा ग्रुप अडतीस जणांचा होता. कारकून, शिक्षक, नर्सताई, रेल्वेतले निवृत्त, दोन कॉलेजची मुले. आम्ही जूनमध्ये गेलो, कारण जूनमध्ये तिकडचा हंगाम नसतो आणि दर उतरलेले असतात. हंगाम का नसतो, तर पावसामुळे. नैऋत्य मोसमी वारे मे महिन्याच्या शेवटी लंकेच्या याच किनाऱ्यावर थडकतात, तिथून केरळ आणि मग आठ-दहा दिवसांत आपले कोकण. आपल्या दारात जो पाऊस येतो तो आधी गॉल रोडवर पडून आलेला असतो. पोसन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोलंबोहून बस निघाली, तेव्हा काचेवर नुसते पाण्याचे लोट होते. समुद्र उजव्या हाताला आहे हे गाईडने सांगितले म्हणून कळले.

बसमध्ये कुरबूर सुरू झाली. ‘पैसे पाण्यात गेले’ असे एक काका मोठ्याने म्हणाले आणि सगळे हसले. गाईड चाळिशीचा, सिंहली, हिंदी चित्रपट पाहून हिंदी शिकलेला. सिंहलीत मोठ्या भावाला ‘अय्या’ म्हणतात, हे त्याने पहिल्या दिवशी सांगितले होते, तेव्हापासून सगळे त्याला अय्याच म्हणत. तो म्हणाला, ‘सर, नवा एक्स्प्रेस रस्ता आहे, २०११ साली झाला. त्याने गेलो तर लवकर पोचू. पण मग काहीच दिसणार नाही.’ आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाई म्हणत, त्यांनी निकाल दिला, ‘जुन्या रस्त्यानेच चला. पाऊस काय आपल्याला नवा आहे?’

जुना रस्ता म्हणजे सुमारे १२० किलोमीटरचा गॉल रोड. एका अंगाला रेल्वेचे रूळ, रुळांच्या पलीकडे लगेच समुद्र. माडांच्या शेंड्यांतून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर दोर बांधलेले दिसतात. माडी काढणारा माणूस त्या दोरांवरून वरच्या वर चालत जातो. पावसात ते दोर रिकामे होते. अय्याने सांगितले की दोर भिजले की पाय घसरतो, आणि घसरला तर खाली झेलायला कुणी नाही. मौजेचे दृश्य म्हणून ज्याचे फोटो निघतात, त्याच्यामागे कुणाचे तरी हातावरचे पोट असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

कोलंबो सोडल्यावर तासाभरात पानदुरा लागते. बस इथे थांबत नाही. थांबत नसली तरी वाचकांनी इथे खिडकीतून बाहेर पाहावे. २६ आणि २८ ऑगस्ट १८७३ या दोन दिवशी या गावात हजारो लोकांसमोर एक जाहीर वाद झाला. एका बाजूला ख्रिस्ती पाद्री, दुसऱ्या बाजूला मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर नावाचे भिक्खू. राज्य इंग्रजांचे, शाळा मिशनऱ्यांच्या, सरकारी नोकरीचा रस्ताही त्यांच्याच दारातून जाणारा. अशा काळात एका भिक्खूने उघड्यावर उभे राहून बुद्धाच्या विचारांची बाजू मांडली आणि लोकांनी ती उचलून धरली. त्या वादाचा इंग्रजी वृत्तांत अमेरिकेत पोचला. तो वाचून कर्नल ऑल्कॉट लंकेकडे ओढले गेले, आणि १८८० च्या मे महिन्यात ते गॉल बंदरात उतरले. त्याच महिन्यात गॉलच्या एका विहारात त्यांनी पंचशील ग्रहण केले. आपल्या घरांवर आणि विहारांवर जो पंचरंगी धम्मध्वज फडकतो, तोही याच चळवळीत कोलंबोत तयार झाला आणि १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला पहिल्यांदा फडकला. कॉलेजच्या मुलांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी कानातल्या वायरी काढल्या.

कळुतराला पूल ओलांडला की मोठा पांढरा स्तूप दिसतो. हा स्तूप आतून पोकळ आहे, आत जाता येते, आतल्या भिंतींवर जातककथांची चित्रे आहेत. रस्त्याच्या कडेला बोधिवृक्ष आणि दानपेट्या. येणारी-जाणारी वाहने क्षणभर थांबतात, कुणीतरी उतरतो, नाणे टाकतो, हात जोडतो आणि पुढे निघतो. आमच्या ड्रायव्हरनेही तसेच केले, भर पावसात, छत्री न घेता.

कळुतरा सोडल्यावर मात्र बस अचानक थांबली. पुढे चार-पाच पोरे, डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद, हातात धम्मध्वज, रस्त्याच्या मधोमध उभी. कुणाला वाटले मोर्चा, कुणाला वाटले वर्गणी. अय्या हसून म्हणाला, ‘दन्सल.’ दन्सल म्हणजे दानशाला. वेसाक आणि पोसनच्या दिवसांत गावोगावची तरुण मंडळी रस्त्यावर मांडव घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट खाऊ घालतात. त्यासाठी आरोग्य निरीक्षकाकडे रीतसर नोंद करावी लागते, हे ऐकून माझ्यातल्या कारकुनाला बरे वाटले. आम्ही अडतीस जण त्या ताडपत्रीखाली दाटीवाटीने उभे राहिलो. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो ते कंद उकडलेले, सोबत खोबरे आणि ‘लुणू मिरिस’. लुणू म्हणजे मीठ, आपल्या लोणच्यातले लोण. मिरिस म्हणजे मिरची. बाईंनी लगेच धडाच सुरू केला, ‘बघा, अत म्हणजे हात, पोत म्हणजे पोथी. भाषा आपल्या नात्यातलीच आहे.’

मघाचे ते काका पैसे काढू लागले. पोराने मान हलवली आणि त्यांच्या हातात आणखी एक द्रोण ठेवला. काका खाली बघत म्हणाले, ‘सहा डिसेंबरला दादरला आपली पोरं अशीच उभी असतात.’ त्यानंतर ‘पैसे पाण्यात गेले’ हे वाक्य दिवसभर कुणाच्या तोंडून आले नाही.

दुपारच्या आधी बलपिटियाला पोचलो. इथे मादू गंगा नावाची नदी समुद्राला मिळते. मिळण्याआधी पसरट होते, मध्ये लहान लहान बेटे, काठाने तिवरांचे दाट जंगल. सगळ्या सहलींची इथे होडीची फेरी असते. पाऊस रिमझिम होता, होडीला वर छप्पर होते, म्हणून सगळे निघालो. एका बेटावर दालचिनीचे काम पाहिले. म्हातारा कामगार फांदीची वरची साल खरवडतो, मग पितळी दांड्याने फांदी घासतो आणि आतली साल कागदासारखी अखंड सोडवतो. पावसाळ्यात झाडात रस भरलेला असतो, म्हणून साल सहज सुटते. हे पावसातलेच काम. आपल्या वाण्याकडे जाड, खरबरीत साल मिळते ती बहुधा वेगळ्या झाडाची. लंकेची दालचिनी पातळ पापुद्र्यांची असते, एकात एक गुंडाळलेली.

या दालचिनीसाठी पोर्तुगीज आले, त्यांना हुसकावून डच आले, १७९६ साली इंग्रज आले. साल सोलायचे काम मात्र पिढ्यानपिढ्या एकाच जातीकडे होते. तिचे नाव सलागम. डचांच्या काळात ते सक्तीचे होते. ठरलेले वजन भरून दिले नाही तर शिक्षा. कामाला जात चिकटवायची आणि जातीला सक्ती चिकटवायची, ही रीत कुठल्या देशातून आली असेल, हे वाचकांना सांगावे लागत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी त्या होडीत कुणी सांगत नाही.

लंकेत एकेकाळी उपसंपदा झालेले भिक्खूच उरले नव्हते. १७५३ साली सयामहून उपाली थेर आले आणि कँडीत संघाची पुन्हा स्थापना झाली. त्या परंपरेला सयाम निकाय म्हणतात. पण काही वर्षांतच असा नियम झाला की उपसंपदा फक्त गोयिगम, म्हणजे शेतकरी, जातीच्या माणसालाच मिळेल. किनाऱ्यावरचे मासे धरणारे करावे, माडी काढणारे दुरावे, दालचिनी सोलणारे सलागम, यांनी दान द्यायचे, विहार बांधायचे, वंदना करायची, पण भिक्खूसंघात पूर्ण प्रवेश मागायचा नाही. ज्या तथागताने उपाली नावाच्या न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी संघात घेतले, त्याच्या नावाने हे चालले होते.

या मादू गंगेच्या काठचे ज्ञानविमल नावाचे एक श्रामणेर होते, सलागम जातीचे. त्यांनी कँडीच्या दारात बसून विनवण्या केल्या नाहीत. १७९९ साली काही सोबती घेऊन ते जहाजाने ब्रह्मदेशाला निघाले. गावच्या लोकांनी खर्च उचलला. अमरपुर ही तेव्हा ब्रह्मदेशाची राजधानी होती. तिथे त्यांना उपसंपदा मिळाली. १८०३ साली ते परत आले. आता इथल्या मुलांना उपसंपदा द्यायची तर जागा हवी, सीमा हवी. त्यांनी नदी निवडली. विनयात तशी सोय आहे. मध्यम ताकदीच्या माणसाने चारी बाजूंना पाणी फेकावे, ते जिथवर जाईल तिथवर सीमा. १८०३ च्या वैशाख पौर्णिमेला मादू गंगेच्या पाण्यावर तराफा उभारून तिथे उपसंपदा झाली. तिथून अमरपुर निकाय सुरू झाला.

आपल्या माणसांनी २० मार्च १९२७ ला महाडला पाण्याला हात लावला. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, आपल्याला ज्यांचे नावही ठाऊक नाही अशा माणसांनी पाण्यावर उभे राहून आपला हक्क घेतला होता. होडीत मी हे बाईंना सांगत होतो आणि अय्या पुढून ऐकत होता. तो काही बोलला नाही.

या धाग्याचे पुढचे टोकही पाहावे. पानदुऱ्याच्या वादातले गुणानंद थेर याच बलपिटिया भागातले, याच अमरपुर निकायाचे. त्यांच्या वादाने ऑल्कॉट आले. त्या चळवळीतून अनागारिक धम्मपाल उभे राहिले. त्यांनी १८९१ साली महाबोधी सभा काढली. त्या सभेच्या मासिकात १९५० साली बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य यावरचा लेख आला, आणि त्याच मे महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी लंकेला गेले. तिथला धम्म कितपत जिवंत आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, हा त्यांचा हेतू होता. सहा वर्षांनी नागपूरला त्यांनी दीक्षा घेतली ती महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून, आणि तेही मूळचे ब्रह्मदेशातलेच. नाकारलेल्या माणसांनी उघडलेला दरवाजा असा हळूहळू उघडत उघडत आपल्या दीक्षाभूमीपर्यंत आला.

बलपिटियाच्या पुढे, हिक्कडुवाच्या अलीकडे, परेलिया गाव आहे. २६ डिसेंबर २००४, त्या दिवशीही पौर्णिमाच होती. कोलंबोहून निघालेली ‘समुद्रदेवी’ नावाची रेल्वेगाडी सुट्टीच्या गर्दीने खचाखच भरलेली. पहिली लाट आली तेव्हा गाडी थांबली. गावातले लोक गाडीत आणि गाडीच्या आडोशाला धावले, एवढी जड गाडी आपल्याला वाचवेल म्हणून. दुसऱ्या लाटेने डबे उचलून फेकले. दीड हजारांहून अधिक माणसे एका जागी गेली. रेल्वेच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात. रस्त्याकाठी पाण्याच्या कुंडात सुमारे १८ मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती आहे, जपानी मदतीने २००६ साली झालेली. अफगाणिस्तानातल्या बामियानच्या ज्या मूर्ती २००१ साली उडवल्या गेल्या, त्यांच्या धर्तीवर ती घडवली आहे. आमच्यातले रेल्वेतून निवृत्त झालेले काका रुळांच्या दिशेने बराच वेळ बघत राहिले. मग आम्ही सर्वांनी पावसातच त्रिसरण-पंचशील म्हटले. अय्या आणि ड्रायव्हर शेजारी येऊन उभे राहिले. चाल वेगळी, शब्द तेच. दोन देशांच्या सुरांत ‘बुद्धं सरणं गच्छामि’ मिसळले आणि कुणालाच त्यात अडचण वाटली नाही.

गॉलचा किल्ला डचांनी बांधलेला, १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तटावर वारा इतका की छत्र्या उलट्या झाल्या. या गावात सापडलेला एक शिलालेख आता कोलंबोच्या संग्रहालयात आहे. चिनी दर्यावर्दी चंग ह याने १४०९ सालच्या तारखेचा तो दगड इथे आणला. त्यावर चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत मजकूर आहे. एकात बुद्धाला, एकात विष्णूला, एकात अल्लाला दान दिल्याची नोंद. तट बांधणाऱ्यांच्याही आधी या बंदरात असा समजूतदारपणा नांदत होता.

परतीच्या वाटेवर अंधार पडला, बरेचसे झोपले. अय्या माझ्या शेजारी येऊन बसला. स्वतःची हकिगत सांगितली. २०१९ साली ईस्टरच्या दिवशी बाँब फुटले, पर्यटक गेले. २०२० ला कोरोना. २०२२ ला देशाचे दिवाळे, डिझेलसाठी दोन-दोन दिवस रांगेत. ‘जूनमध्ये येणारी तुमची बस म्हणजे आमच्या घरचा तांदूळ,’ असे तो म्हणाला. मग थोडा थांबून म्हणाला, ‘सर, मघाशी होडीत तुम्ही जे सांगितले ते आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. मी त्याच किनाऱ्यावरचा आहे. इथे तोंडावर जात कुणी विचारत नाही. पण रविवारच्या पेपरात लग्नाच्या जाहिराती बघा. नावाआधी जात असते.’

मी विचारले, ‘आणि तुमच्या अमरपुर निकायात?’ तो हसला. ‘तिथेही नंतर प्रत्येक जातीच्या वेगळ्या शाखा झाल्या, सर. सलागमांची वेगळी, करावांची वेगळी, दुरावांची वेगळी. बाहेर काढलेल्यांनी आपसांत पुन्हा कुंपणे घातली.’ २०१९ साली अमरपुर आणि रामञ्ञ हे दोन निकाय एकत्र आले, ही चांगली गोष्ट झाली. पण कँडीच्या मल्वत्त आणि अस्गिरिय या मोठ्या पीठांत जातीचा जुना नियम अजून चालत आलेला आहे.

वाचकहो, हे ऐकून लंकेला नावे ठेवणे सोपे आहे. मी ज्या वधू-वर मेळाव्याचे काम गेली काही वर्षे करतो, त्याच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात सगळे ‘बौद्ध’ लिहितात. त्याच्या खाली ‘पोटजात’ असा दुसरा रकाना आहे. तो छापलेला आहे म्हणून भरला जातो, आणि भरला जातो म्हणून दरवर्षी छापला जातो. काही पालक फोनवर आधी तेवढेच विचारतात. मुलगी शिकलेली, मुलगा नोकरीला, दोघांच्या घरी बाबासाहेबांचा फोटो, आणि बोलणी त्या रकान्यावर येऊन अडतात. अशी अडलेली बोलणी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहेत. बाबासाहेब लंकेत जो प्रश्न घेऊन गेले होते, धम्म किती जिवंत आहे, त्याचे उत्तर आपल्याकडे विहाराच्या उंचीवरून नाही, या रकान्यावरून मिळते.

बलपिटियाच्या लोकांनी पहिली लढाई जिंकली आणि दुसरी हरली. बाहेरचा दरवाजा उघडला, पण घरातल्या भिंती तशाच राहिल्या. आपल्याला त्यांची दोन्ही उदाहरणे समोर आहेत.

ज्यांना लंकेला जायचे असेल त्यांनी जरूर जावे. जूनमध्ये गेलात तर खर्च कमी येतो, पावसाचे कपडे घ्यावेत, समुद्रात मात्र उतरू नये, त्या दिवसांत लाटा खवळलेल्या असतात. बलपिटियाला होडीत बसाल तेव्हा मुलांना १८०३ ची गोष्ट सांगावी. आणि जायचे जमणार नसेल, तर एक काम इथेच करता येईल. येत्या मेळाव्याचा फॉर्म छापायला जायचा आहे. पोटजातीचा रकाना काढून टाकावा असे मी समितीपुढे मांडले आहे. काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की रकाना काढला तर लोक फॉर्मच भरणार नाहीत. आपल्या घरात लग्नाचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर तो रकाना आपल्याला हवा आहे की नको, हे आपापल्या शाखेत उघडपणे सांगावे. त्या सांगण्यावरच छपाई ठरणार आहे.